केळीच्या हौदात बुडालेली जहाजं

मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझं वय एकतीस होतं, आणि तोपर्यंत समुद्रावर मी निदान पंधरा व्याख्यानं ठोकलेली होती. यात मला तेव्हाही काही वावगं वाटलं नाही, आजही वाटत नाही. चंद्रावर बोलणाऱ्या माणसाला कोणी विचारतं का, की साहेब, आपण जाऊन कधी आलात?

मी मूळचा धुळ्याकडचा, नोकरीने फैजपूरचा. शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्या चारी बाजूंना केळीच्या बागा, उत्तरेला सातपुडा, आणि समुद्र बघायची हुक्की आली तर रात्रभर रेल्वेत बसायची तयारी हवी. अशा ठिकाणी ‘जहाजं गायब कशी होतात?’ हे व्याख्यान तुफान चालतं, हा शोध मला नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी लागला. विज्ञान दिनाला बोललो, पोरांनी बाकं वाजवली. मग यावलहून बोलावणं आलं, मुक्ताईनगरहून आलं, गणपती मंडळांची आली. एकदा एका साखरपुड्यात नवरदेवाकडची मंडळी रस्त्यात अडकली, तर मुलीच्या काकांनी माझ्या हातात माइक दिला आणि म्हणाले, “सर, तेवढं तुमचं जहाजाचं होऊन जाऊ द्या.” पाहुणे पोचेपर्यंत मी तीन जहाजं बुडवली. पाहुणे आल्यावर त्यांनी चौथं बुडवायला लावलं.

व्याख्यानाची रचना माझी पक्की होती. आधी भरपूर घाबरवायचं. भर समुद्रात शिडं उभारलेलं रिकामं जहाज, आत सामान जागच्या जागी, माणूस एकही नाही! निरभ्र दिवशी गडप झालेली अजस्र मालवाहू बोट! अटलांटिकमधला तो बदनाम त्रिकोण! सभागृह गार पडलं की मग एकेक करून भूत उतरवायचं. लाटांपासून सुरुवात. वेगवेगळ्या दिशांनी आलेल्या लाटा नेमक्या एका जागी एकमेकींवर चढल्या, तर आजूबाजूच्या लाटांच्या दुप्पट उंचीची भिंत क्षणभर उभी राहते. खलाशी पिढ्यान्‌पिढ्या सांगत होते, कोणी विश्वास ठेवत नव्हतं. समुद्रातल्या यंत्रांनी मोजली तेव्हा कुठे शास्त्रज्ञांनी मान डोलावली. मग ओला माल. खनिजाची माती वरून कोरडी दिसते, पण आत ओल असली आणि जहाज हेलकावलं की तिचा रबडा होतो, सगळा एका बाजूला सरकतो आणि जहाज कलंडतं. हे आमच्याकडे समजवावं लागत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीत ट्रॅक्टर घातलेला प्रत्येक माणूस मान हलवतो.

मग होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक, मग जोरकस प्रवाह, जो बुडालेल्या बोटीचे तुकडे रातोरात कुठल्या कुठे नेतो आणि शोधणारे भलत्याच जागी शोधत बसतात. आणि त्या रिकाम्या जहाजाचं रहस्य मी राखून ठेवायचो. एक शक्यता अशी, की जहाजाच्या पोटातल्या मालातून वाफा येत होत्या, स्फोट होईल म्हणून कप्तान घाबरला, सगळ्यांना छोट्या होडीत उतरवलं, होडी दोराने जहाजाला बांधली आणि वाफा निवळायची वाट पाहत बसले. दोर तुटला. “जहाज धडधाकट होतं मंडळी! घाबरून उतरले, ते गेले.” इथे मी थोडा थांबायचो. बायका हळहळायच्या.

आणि शेवटी माझं एक ठरलेलं वाक्य होतं. तेवीस वर्षांत ते मी कधी बदललं नाही: “या सगळ्या शक्यता आहेत, पण रोज असंख्य जहाजं बंदरातून निघतात आणि सुखरूप पोचतात, त्याची बातमी होत नाही.” टाळ्या. चहा.

आता या तेवीस वर्षांतली शेवटची चौदा वर्षं पहिल्या रांगेत कोण बसत होतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. माझी एकुलती एक मुलगी. वयाच्या चौथ्या वर्षापासून ती माझ्याबरोबर प्रत्येक व्याख्यानाला यायची, कारण घरी ठेवायची सोय नव्हती. बायको प्राथमिक शाळेत पहिलीचा वर्ग सांभाळते, तिला तिची कामं. मला वाटायचं, पोरगी कंटाळून झोपते. ती झोपत नव्हती. बारावी झाली आणि तिने जाहीर केलं, की इंजिनिअरिंग नको, फार्मसी नको, ती बोटीवर जाणार. मालवाहू जहाजावर. अधिकारी होणार.

मी हसलो. तिने परीक्षा दिली. मी हसलो. मुलाखतीला ती आईला घेऊन मुंबईला गेली, तेव्हा मी स्टेशनवर सोडायला गेलो आणि तरीही हसलो. यादीत तिचं नाव आलं त्या दिवशी मी अख्ख्या शाळेत पेढे वाटले, शिपायाला मिठी मारली, सायकल स्टँडवर उभा राहून धुळ्याला सगळ्या भावांना फोन केले, आणि घरी येऊन एक चप्पल काढली, दुसरी पायात तशीच ठेवून दारात बसलो.

खरं सांगतो, त्या क्षणी मला भुतांवर विश्वास ठेवणाऱ्यांचा हेवा वाटला. भूत असतं तर काम सोपं होतं. लिंबू-मिरची बांधली असती, उतारा टाकला असता, गावात जाणकारांची वाण नाही. पण मला माहीत होतं की भूत नाही. लाट आहे. ओली माती आहे. होकायंत्र आहे. आणि तुटणारा दोर आहे. मी जी जी भीती लोकांच्या मनातून काढली होती, ती सगळी माझ्याकडे साठली होती की काय कोण जाणे, आणि एवढ्या व्यवस्थित समजावून सांगितलेल्या भीतीला लिंबू लागू पडत नाही.

सहीचा कागद आठवड्याने आला. पालकांचं संमतीपत्र. शिक्क्याचा मूळ कागदच हवा, झेरॉक्स चालणार नाही, येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारी मुलीने हजर होताना तो बरोबर आणायचा. माझ्या सहीची जागा खाली डावीकडे कोरी होती. “उद्या करतो,” मी म्हणालो. “पेन नीट चालत नाहीये.”

दरम्यान नातेवाइकांत बातमी पसरली होती आणि त्यांच्या मोबाइलवर व्हिडिओंचा पूर आला होता. प्रत्येकात तेच: गरगरणारं पाणी, काळे ढग, घोगऱ्या आवाजातला हिंदी निवेदक. माझे थोरले मेव्हणे तर घाबरून घरीच आले. त्यांना सगळं गाव नाना म्हणतं, मीही म्हणतो. केळीचे बागायतदार, स्वतःची पॅकिंग शेड आहे, माल आखातात जातो. पोरीवर त्यांचा भारी जीव.

“मास्तर,” ते म्हणाले, “ह्या व्हिडिओत सांगतंय ते खरं हाये का? तुमी शिकेल मानूस. एकदा साऱ्यायले समजाडून सांगा ना. माह्या शेडवरच सांगा, रविवारी. भरीत करू.”

यात माझा काय दोष? व्याख्यान मागितलं, मी दिलं.

पॅकिंग शेड ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: बागेतून आलेल्या घडाच्या फण्या सुट्या करतात, त्या लांबलचक हौदात तुरटीच्या पाण्यात टाकतात, चीक धुतला गेला की काढून खोक्यात भरतात. हौद बारा-पंधरा फुटी. तो पाहिला आणि माझ्या अंगात वारं भरलं. कारण व्याख्यानातला एक प्रयोग तेवीस वर्षं फसत आला होता. समुद्राच्या तळाशी मिथेन वायू अडकलेला असतो. तो एकदम बुडबुड्यांनी वर आला, तर ते पाणी इतकं हलकं होऊ शकतं की त्यावर तरंगणारी वस्तू खाली जाईल, असं काहींचं म्हणणं. शाळेत मी बादलीत फुंकणी घालून फुंकायचो आणि थर्माकोलचं जहाज मजेत डुलत राहायचं. मुलं हसायची.

इथे मात्र हौद होता. ठिबकच्या जुन्या नळ्यांचं भेंडोळं कोपऱ्यात पडलं होतं. मी नानांना सांगून पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर मागवला, नळ्यांना दाभणाने वीतभर अंतरावर भोकं पाडली, दगड बांधून त्या हौदाच्या तळाशी सोडल्या. चाळीसेक नातेवाईक, शेडवरच्या धुणाऱ्या बाया, दोन ड्रायव्हर, सगळे हौदाभोवती. मुलगी समोर, हाताची घडी घालून उभी.

थर्माकोलचं जहाज सोडलं. कॉम्प्रेसर सुरू झाला. पाणी खदखदलं. जहाज टुणटुण उड्या मारत माझ्या अंगावर आलं.

“बुडत नई हो मास्तर,” एक बाई म्हणाली आणि तिने हातातली केळीची फणी सवयीने हौदात टाकली.

फणी क्षणभर वर राहिली आणि मग शांतपणे खाली गेली.

मी ओरडलो! कच्चं केळं पाण्यापेक्षा जेमतेम हलकं असतं, तेवीस वर्षं केळीच्या गावात राहून हे माझ्या टाळक्यात आलं नव्हतं! थर्माकोल घेऊन बसलो होतो! “टाका, अजून टाका!” मी म्हणालो. बायांनी टोपल्या रिकाम्या केल्या. दहा फण्या गेल्या, वीस गेल्या, एकापाठोपाठ एक, खदखदणाऱ्या पाण्यात हिरवी जहाजं बुडत होती आणि मी हौदाच्या कठड्यावर चढून नाचत होतो. “बघा! बुडाली! ही पण बुडाली! नाना, ती मोठी टाका!” लोक टाळ्या वाजवत होते. एक ड्रायव्हर शिट्टी मारत होता. आयुष्यात असा प्रयोग माझा कधी झाला नव्हता.

मग कॉम्प्रेसर बंद झाला. फण्या एकेक करून वर आल्या. आणि मी पाहिलं, की कोणीच हसत नव्हतं. बायकोची मोठी बहीण पदराने डोळे पुसत होती.

“म्हंजे खरंच बुडते,” नाना हळूच म्हणाले. “व्हिडिओवाले खोटं नई बोलत. मास्तर, पोरीले काहाले धाडता? सही करू नका.”

त्यावर मी काय बोलायला हवं होतं, ते मला पाठ होतं. हा हौदातला खेळ आहे, बुडबुड्यांबरोबर पाणीही वर उसळतं तेव्हा तेच पाणी वस्तूला उचलूनही धरू शकतं, खऱ्या समुद्रात असं एखादं जहाज बुडाल्याचा पुरावा कोणाकडे नाही. आणि मग ते ठरलेलं वाक्य. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी कठड्यावरून उतरलो आणि म्हणालो, “चला, भरीत गार होतंय.”

परतताना स्कूटरवर मुलगी मागे बसली होती. केळीच्या बागांमधून रस्ता जातो, पानांचा सळसळाट चालू होता, आणि ती मोठ्याने म्हणाली, “पप्पा, आज तुम्ही शेवटचं वाक्य बोलला नाहीत.”

“विसरलो.”

“तेवीस वर्षांत नाही विसरलात.”

मी हॉर्न वाजवला. समोर कोणी नव्हतं.

गुरुवारी संमतीपत्र गायब झालं.

मी असं म्हणतोय खरं, पण ते कसं झालं हे मला चांगलं ठाऊक होतं, कारण ते मीच केलं होतं. संध्याकाळी टेबलावर कागद पडला होता, पेन शेजारी होतं, पेन उत्तम चालत होतं. मी कागद उचलला, घडी न घालता एका जागी ठेवला आणि अंगणात जाऊन तुळशीला पाणी घातलं. तुळशीला मी कधीच पाणी घालत नाही. बायकोने खिडकीतून पाहिलं. पहिलीच्या वर्गात दिवसभर साठ पोरं खोटं बोलतात, तिची नजर तयार आहे.

शुक्रवारी शोधाशोध झाली. गाद्या उलटल्या, कपाटं सरकवली. मी सगळ्यात पुढे. फ्रिजच्या मागे टॉर्च मारून पाहणारा मीच. “कमाल आहे,” मी म्हणत होतो, “एवढा कागद जाईल कुठे? पंख्याने उडाला असेल. उंदराने नेला असेल.” मुलगी आधी घाबरीघुबरी होऊन शोधत होती, तिचे डोळे भरून आले होते. ते मी पाहिलं. तरीही मी टॉर्च मारत राहिलो. माझी मला लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं, दोन्ही एकदम.

शनिवारी दुपारी नाना आले. त्यांचा कंटेनर दोन दिवसांपूर्वी बोटीवर चढला होता, मन रमत नव्हतं म्हणून बहिणीकडे आले. चहा झाला. आणि मुलगी हातात वही घेऊन बाहेर आली. डोळे कोरडे होते. मी कप खाली ठेवला.

“बसा सगळे,” ती म्हणाली. “चौकशी आहे. पप्पा व्याख्यानात सांगतात, वस्तू नाहीशी होत नाही, फक्त आपल्याला दिसेनाशी होते. म्हणून भुतावर जायचं नाही. तीन प्रश्न विचारायचे. शेवटी कुठे दिसली? तेव्हा हवा कशी होती? आणि जबाबदार माणूस काय म्हणतो?”

“वा!” नाना म्हणाले. त्यांना गंमत वाटली.

“शेवटी कुठे दिसला? टेबलावर, गुरुवारी सहा वाजता. मी पाहिलाय. हवा कशी होती? लाइट गेलेली होती, पावणेसहा ते साडेसहा. पंखा बंद. म्हणजे उडाला नाही. उंदीर म्हणाल तर आजूबाजूला एक तुकडा नाही, आणि उंदीर आख्खा कागद शिक्क्यासकट नेत नाही. आता जबाबदार माणूस.” ती माझ्याकडे वळली. “सहा वाजता टेबलाजवळ कोण होतं?”

“मी तुळशीला पाणी घालत होतो,” मी म्हणालो.

नानांनी बहिणीकडे पाहिलं. “हे? तुयशीले?”

बायकोने ओठ दाबून धरले होते. हसू की राग, मला अजून कळलेलं नाही.

“प्रवाहाचा अंदाज घ्या,” मुलगी म्हणाली, अगदी माझ्याच आवाजात. “वस्तू जिथे हरवली तिथे शोधू नका. ती वाहत कुठे जाईल ते बघा. पप्पांच्या हातातला कागद सवयीने कुठे जातो?” आणि ती सरळ आतल्या खोलीत गेली, कपाटातून माझी जुनी निळी फाइल काढून आणली, जिच्यावर मीच मोठ्या अक्षरात ‘गायब जहाजं’ असं लिहिलेलं आहे, आणि ती उघडली. रिकाम्या जहाजाच्या टिपणाच्या मागे संमतीपत्र होतं. सुरकुतीही पडली नव्हती.

बाहेर केळीचा ट्रक गेला, खिडकीची तावदानं थरथरली.

मी वीस-पंचवीस वर्षं प्रमाण मराठीत बोलतोय. शाळेत, घरात, व्याख्यानात. पण त्या वेळी तोंडातून धुळ्याकडचीच भाषा आली. “मीच दपाडेल शे,” मी म्हणालो. “माले भ्याव वाटस, माय. लई भ्याव वाटस.”

मुलगी माझ्यासमोर खाली जमिनीवर बसली. “मलाही वाटते,” ती म्हणाली. “पण पप्पा, ज्या पानामागे लपवलात ना, तेच वाचा. जहाज धडधाकट होतं. घाबरून उतरले, ते गेले. तुम्हीच सांगता.”

खोटं सांगत नाही, हे ऐकूनही मी सही केली नाही. मी म्हणालो, “ती नुसती एक शक्यता आहे.” इतका मी हट्टी. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं, की तिच्याजवळ आता आणखी काही उरलेलं नाही. तिने वही मिटली.

आणि नाना त्यांच्या मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. माझा संताप झाला. घरात पोरीच्या आयुष्याचा प्रश्न, आणि हा माणूस मोबाइल बघतोय!

“काय बघताय नाना?”

“माही बोट,” ते म्हणाले. मोबाइलवर निळा नकाशा होता, त्यावर ढीगभर रंगीत बाण. “एक्स्पोर्टवाल्यानं हे टाकून देल्लं होतं. आपला कंटेनर जिच्यावर असते ती बोट बानासारखी दिसते. रोज पाहतो मी. पन काल दुपारपासून दिसतच नई. नेहमी असंच होते. निघली की एखाद दिवस दिसते, मंग मधीच गायब.”

“गायब नाही हो!” मी म्हणालो. मला राहवलंच नाही. चुकीचं ऐकून गप्प बसणं माझ्या रक्तातच नाही. “जहाज सतत रेडिओवरून आपली जागा ओरडून सांगत असतं, पण किनाऱ्यावरच्या यंत्रांना ते ठरावीक अंतरापर्यंतच ऐकू येतं. पृथ्वी गोल आहे ना, पलीकडे गेलं की आवाज पोचत नाही. फुकटच्या नकाशावर तेवढंच दिसतं. जहाज आहे तिथे व्यवस्थित चाललंय, नाना. फक्त आपल्याला दिसत नाहीये.”

“मंग?” नाना म्हणाले.

“मग काय? दोन-तीन दिवसांनी पलीकडच्या किनाऱ्याजवळ पोचलं की पुन्हा दिसेल.”

“माही केयी पोचते?”

“पोचते म्हणजे काय, दर वेळी पोचतेच ना? एवढी वर्षं केळी पाठवताय, एकदा तरी हरवली का? असंख्य जहाजं रोज निघतात आणि...”

मी थांबलो. नाना माझ्याकडे बघत होते. बायको बघत होती. मुलगी बघत होती आणि तिच्या ओठांचा कोपरा हलत होता.

“बोला ना,” ती म्हणाली. “पूर्ण करा.”

“...आणि सुखरूप पोचतात,” मी म्हणालो, “त्याची बातमी होत नाही.”

“पेन देऊ?” बायको म्हणाली.

मी सही केली. ती इतकी वाकडी आली की माझी आहे हे कोर्टातही सिद्ध झालं नसतं. मग काय झालं कोणास ठाऊक, मला हसू फुटलं, मग मुलीला फुटलं, मग नाना पोट धरून हसायला लागले. “हे तुयशीले पानी घालत होते!” ते पुन्हा पुन्हा म्हणत होते आणि आम्ही पुन्हा पुन्हा हसत होतो. बायको तेवढी रडली. सोमवारी पोरगी हजर झाली.

एक वर्ष प्रशिक्षण झालं आणि मग तिला जहाज मिळालं. नानांनी माझ्या मोबाइलवर तो नकाशा टाकून दिला, तिच्या जहाजाचं नाव घातलं, आणि एक हिरवा बाण उगवला. काय सांगू! मी तो बाण वर्गात पाहिला, बाजारात पाहिला, सासऱ्यांच्या श्राद्धाला पाहिला. शेजाऱ्यांना बोलावून दाखवला. “ती बघा, चालली!” बाण इंचभरही हलत नव्हता, तरी चालली. बंदरातून तिने फोन केला, “पप्पा, आता थोडे दिवस रेंज नसेल, आणि बाणही दिसणार नाही. कारण माहीत आहे ना?”

“मला विचारतेस?” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाण गेला. निळं पाणी राहिलं.

कारण मला माहीत होतं. पृथ्वी गोल आहे, यंत्रांना ऐकू येत नाही. मी दर दहा मिनिटांनी मोबाइल उघडून ते कारण स्वतःला सांगत होतो. चार दिवस गेले. नाना रोज येऊन म्हणत, “मधी दिसत नई, मंग दिसते.” एवढं तोकडं व्याख्यान मी कधी ऐकलं नव्हतं, आणि एवढं उपयोगी पडलेलंही नाही. पाचव्या दिवशी विज्ञान दिन होता, आणि हॉलमध्ये सगळी शाळा माझ्या जहाजांची वाट पाहत बसली होती.

मी माइक हातात घेतला. आधी भरपूर घाबरवायचं, ही माझी पद्धत. पण तोंड उघडलं आणि शेवटचं वाक्य आधी आलं. “मुलांनो, रोज असंख्य जहाजं निघतात,” मी म्हणालो, आणि तेवढ्यात खिशातला मोबाइल थरथरला. हात खिशाकडे गेला. मी तो मागे घेतला. वाक्य अर्धं सोडायचं नाही, हे मी एकदा शिकलो होतो. “आणि सुखरूप पोचतात,” मी सावकाश म्हणालो, “त्याची बातमी होत नाही.” मग सगळ्या शाळेसमोर मोबाइल काढून पाहिला.

तिचा मेसेज होता. “पप्पा, दिसतेय का मी?”

नकाशा उघडलाच नाही मी. ‘दिसतेस’ एवढं लिहिलं आणि पहिलं जहाज बुडवायला घेतलं.